पूरनियंत्रणासाठी बांधलेले मातीचे लहान धरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओढ्याच्या वरच्या अंगाला, वस्तीपासून काही अंतरावर, पुराचे पाणी थोडा काळ थोपवून धरण्यासाठी मातीची लहान धरणे बांधली जातात. अशा धरणांबद्दल खालच्या बाजूला राहणारे लोक, गावाचा कारभार पाहणारे आणि धरणावर देखरेख ठेवणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. आंतरराष्ट्रीय मोठी धरणे आयोगाच्या व्याख्येनुसार पायापासून १५ मीटर किंवा त्याहून उंच असलेले धरण ‘मोठे’ ठरते, आणि ५ ते १५ मीटर उंचीचे धरणही ३० लाख घनमीटरांपेक्षा अधिक पाणी साठवत असेल तर मोठ्यांत मोडते. येथे ज्यांचा विचार केला आहे ती धरणे या दोन्ही मर्यादांच्या आतली आहेत.

सिंचनाचा तलाव आणि पूरनियंत्रणाचे धरण यांत फरक काय?

बाहेरून पाहिल्यास दोन्ही सारखेच दिसतात. भराव तोच, दगडी अस्तर तेच, सांडवाही, म्हणजे जादा पाणी जाण्याची मोकळी वाटही, तसाच असतो. फरक आहे तो पाण्याच्या पातळीत. सिंचनाचा तलाव पावसाळ्याच्या अखेरीस काठोकाठ भरला की त्याचे काम झाले असे मानतात. पूरनियंत्रणाच्या धरणाचे काम मात्र पुढचा मोठा पाऊस येईल तेव्हा आत किती जागा मोकळी आहे यावर ठरते. म्हणून अशा धरणाच्या तळाशी किंवा ठरावीक पातळीवर एक विमोचक, म्हणजे पाणी बाहेर सोडणारा नळ, सतत उघडा ठेवलेला असतो. त्याला बहुधा दरवाजाही नसतो, आणि पाऊस ओसरला की साठलेले पाणी आपोआप, कोणाच्याही हुकुमाची वाट न पाहता, निघून जाते.

काही धरणे वर्षभर पूर्ण कोरडी असतात. अमेरिकेतील ओहायो राज्यात मार्च १९१३ च्या महापुरात डेटन शहर व परिसरात ३६० हून अधिक माणसे गेली. त्यानंतर आर्थर मॉर्गन या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली तेथे पाच कोरडी मातीची धरणे बांधण्यात आली व १९२२ मध्ये पूर्ण झाली. त्यांच्या तळाशी दरवाजे नसलेले बांधीव मार्ग आहेत. एरवी नदी त्यांतून सरळ वाहते, आणि त्या मार्गांच्या क्षमतेपेक्षा पाणी वाढले की उरलेले मागे साठू लागते. ती धरणे आजवर दोन हजारांहून अधिक वेळा अशी भरली आणि रिकामी झाली आहेत. आकाराने ती आपल्या विषयातील धरणांपेक्षा बरीच मोठी आहेत, पण तत्त्व अगदी हेच आहे, आणि शंभर वर्षांच्या वापरात ते खरे ठरले आहे.

एवढेसे धरण पूर कसा काय अडवणार?

पूर ते अडवत नाही, लांबवते. एका चौरस किलोमीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १,००० घनमीटर पाणी होते. धरणाचे पाणलोट क्षेत्र ५ चौरस किलोमीटर आहे आणि काही तासांत १०० मिलिमीटर पाऊस झाला असे धरू. एकूण पाणी ५ लाख घनमीटर. त्यातले निम्मे जमिनीत मुरले किंवा खोलगटांत अडकले, तरी अडीच लाख घनमीटर ओढ्यात उतरते. ते तीन तासांत आले तर सरासरी प्रवाह सेकंदाला सुमारे २३ घनमीटर होतो, आणि पुराचे शिखर त्याहून बरेच वर जाते. ओढ्याचे पात्र ज्याला पुरत नाही, पूल ज्यात बुडतो, तो हा प्रवाह.

आता तेच पाणी धरणात आले आणि विमोचकातून सरासरी २ घनमीटर प्रतिसेकंद या गतीने बाहेर पडले, तर धरण रिकामे व्हायला सुमारे ३५ तास लागतात. पाण्याचा एक थेंबही कमी झालेला नसतो, पण तीन तासांचा लोंढा दीड दिवसावर पसरतो आणि पात्रातच राहतो. पाऊस थांबून ऊन पडले तरी ओढा दुसऱ्या दिवशीही भरून का वाहतो, असा प्रश्न अनेकदा येतो. त्याचे कारण हेच, आणि धरण नीट चालले असल्याची ती खूण आहे.

या फायद्याला मर्यादाही आहेत. धरणाच्या खाली मिळणाऱ्या नाल्यांच्या पाण्यावर धरणाचा काहीच ताबा नसतो, त्यामुळे जसजसे खाली जावे तसतसा परिणाम ओसरत जातो. मोठ्या नदीचा पूर एका लहान धरणाने हलत नाही. म्हणूनच जेथे या पद्धतीवर गांभीर्याने काम झाले तेथे एकेका पाणलोटात अनेक धरणे बांधली गेली, आणि त्यांच्या जोडीला वरच्या शेतांत बांधबंदिस्ती, चराई बंदी व गवताची लागवड करण्यात आली.

पुढे पाण्याची टंचाई होते. मग विमोचकाचे तोंड बंद करून पाणी का साठवू नये?

हा सर्वांत कळकळीने विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि त्यामागची गरज खोटी नाही. तरीही उत्तर स्पष्ट शब्दांत ‘नाही’ असेच द्यावे लागते. वरच्या उदाहरणातील धरणाची पूरक्षमता अडीच लाख घनमीटर आहे असे समजा. त्यात दीड लाख घनमीटर पाणी आधीच भरून ठेवले, तर पुरासाठी एक लाखच जागा उरते. पुढचा मोठा पाऊस ती तास-दीड तासात भरतो आणि त्यानंतरचे सारे पाणी सांडव्यावरून थेट खाली जाते. धरण बांधण्यापूर्वी जो पूर येत असे जवळपास तोच पूर पुन्हा येतो, आणि तोही अशा लोकांवर, जे धरणाच्या भरवशावर निश्चिंत झालेले असतात.

दुसरे कारण भरावातच आहे. काही तास किंवा दिवस पाणी सोसण्यासाठी बांधलेला भराव आणि महिनोन्महिने पाणी पेलणारा भराव यांच्या आतील पाझराची स्थिती सारखी नसते. पाणी सतत उभे राहिले की ओलाव्याची रेषा भरावात हळूहळू वर चढत खालच्या उतारापर्यंत पोहोचू शकते, आणि तो उतार कोरड्या स्थितीच्या हिशेबाने ठेवलेला असेल तर घसरतो. पाणी साठवायचेच असेल तर त्यासाठी नव्याने संकल्पन करून भराव व सांडवा उंचवावा लागतो, विमोचकाला वेगवेगळ्या पातळ्यांवर तोंडे द्यावी लागतात, आणि हे सर्व लेखी निर्णयाने व तांत्रिक मंजुरीने व्हावे लागते. रात्रीतून गोणपाट आणि दगड कोंबून केलेली साठवण खालच्या प्रत्येक घराला धोक्यात घालते.

धरणाचे भाग कोणते, आणि प्रत्येकाचे काम काय?

मधोमध चिकणमातीचा गाभा असतो. तो पाणी रोखतो. गाभ्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाड मातीचे कवच असते, जे वजनाने आणि उताराने गाभ्याला आधार देते. गाभ्याखाली पायात चर खणून ती घट्ट मातीने भरतात, म्हणजे पाणी भरावाखालून वाट काढत नाही. पाण्याच्या बाजूचा उतार लाटांपासून वाचावा म्हणून त्यावर दगडांचे पिचिंग असते, तर खालच्या उतारावर गवत राखतात. लहान धरणांत पाण्याच्या बाजूचा उतार बहुधा तीनास एक (तीन मीटर आडव्या अंतराला एक मीटर उंची) आणि खालचा दोन किंवा अडीचास एक असतो. माती कमकुवत असेल तर तो आणखी पसरट ठेवतात. पायथ्याशी वाळू आणि खडीची गाळणी व दगडी नाली असते. पाझरून आलेले पाणी तिच्यातून निघून जाते, पण मातीचे कण अडून राहतात.

याशिवाय पाणी बाहेर पडण्याचे दोन मार्ग असतात. नेहमीचे पाणी विमोचकातून, म्हणजे भरावाखालून जाणाऱ्या नळातून जाते. त्याच्या तोंडाशी बहुधा विहिरीसारखा उभा बांधीव मनोरा असतो व त्यावर कचरा अडवणारी जाळी असते. क्वचित येणारा फार मोठा पूर भरावाच्या एका टोकाला, मूळ जमिनीत खोदलेल्या रुंद सांडव्यावरून जातो. सांडवा भरावावर नसून मूळ जमिनीत असतो, कारण भरून तयार केलेल्या मातीवरून जोराचे पाणी गेले की ती टिकत नाही.

मातीचा ढिगारा पाणी कसा पेलतो? कोणतीही माती चालते का?

कोणतीही माती चालत नाही, आणि चांगली मातीही नुसती टाकून चालत नाही. माती साधारण २० ते २५ सेंटिमीटर जाडीच्या सैल थरांत पसरून, योग्य ओलावा देऊन, प्रत्येक थर रोलरने दाबावा लागतो. एकाच मातीला एकाच जोराने दाबले तरी ओलावा बदलला की मिळणारी घनता बदलते, आणि एका विशिष्ट ओलाव्याला ती सर्वाधिक असते. राल्फ प्रॉक्टर या अमेरिकी अभियंत्याने १९३३ मध्ये हे मोजण्याची पद्धत मांडली. आजही जगभरातील भरावांच्या कामात त्या चाचणीतून मिळालेल्या कमाल घनतेच्या ९५ टक्के किंवा अधिक घनता मागितली जाते. कोरडी माती दाबली तर ती वरून टणक दिसते, पण आत पोकळ्या राहतात आणि पहिल्यांदा पाणी चढले की भराव खचतो. फार ओली माती रोलरखाली लाटेसारखी हलते आणि दाबली जात नाही. बांधकाम पाहायला जाणाऱ्या गावकऱ्यांनी रोलर किती वेळा फिरला हे जितक्या बारकाईने पाहावे, तितक्याच बारकाईने टँकरने पाणी मारले जाते का आणि प्रत्येक थराची चाचणी नोंदली जाते का हेही पाहावे.

एका प्रकारच्या मातीबद्दल विशेष सावध राहावे लागते. काही चिकणमातींत सोडियमचे प्रमाण अधिक असते आणि त्या पाण्यात आपोआप विखुरतात. हाताला चिकट, घट्ट, अगदी योग्य वाटणारी अशी माती भरावात वापरली गेली आणि एखाद्या बारीक भेगेतून पाणी शिरले, की तिचे कण पाण्याबरोबर वाहून जातात व भेग बघता बघता भगदाड होते. याची प्राथमिक परीक्षा सोपी आहे. मातीचे लहानसे ढेकूळ शुद्ध, म्हणजे ऊर्ध्वपातित पाण्यात हळूच ठेवावे आणि न हलवता पाहावे. थोड्या वेळात ढेकळाभोवती गढूळ ढग पसरू लागला तर माती संशयास्पद समजून प्रयोगशाळेत पाठवावी. ढेकूळ फक्त कोसळले आणि पाणी निवळ राहिले, तर ही विशिष्ट भीती कमी. अशी माती टाळता येत नसेल तेथे चुना किंवा जिप्सम मिसळणे आणि योग्य गाळणी देणे असे उपाय करतात, पण तो निर्णय तज्ज्ञांनीच घ्यावा.

विमोचकाच्या नळाविषयी एवढी काळजी का घेतली जाते?

कारण सलग भरावात परकी वस्तू तेवढी एकच असते. नळाच्या दोन्ही अंगांना आणि विशेषतः खालच्या वळणाखाली रोलर पोहोचत नाही, तेथील माती हातानेच ठोकावी लागते आणि बहुतेकदा तीच सैल राहते. नळ कडक असतो आणि भोवतालचा भराव हळूहळू बसत जातो, त्यामुळे दोहोंच्या सांध्यात फट पडू शकते. पूर्वी नळाभोवती काँक्रीटची कडी बसवत, पण त्या कड्यांनी दबाई आणखी अवघड होते असा अनुभव आल्याने आता नळाच्या खालच्या, म्हणजे पाणी बाहेर पडण्याच्या टोकाकडील, भागाभोवती वाळूच्या गाळणीचा जाड पडदा देण्याची पद्धत रूढ झाली आहे. पाणी नळाच्या कडेने आलेच तर या पडद्यात मातीचे कण अडतात व धूप तेथेच थांबते.

१२ जुलै १९६१ रोजी पुण्यात हाहाकार उडवणारे पानशेतचे धरण हे फार मोठे धरण होते, तरी त्याच्या फुटीची सुरुवात विमोचकाच्या भागाशी जोडलेली आहे. काम पूर्ण होण्याआधीच जलाशय भरला, विमोचकाच्या जागी भराव खचत गेला आणि अखेर पाणी माथ्यावरून गेले. लहान धरणात नळ लहान असतो, पण भरावही अरुंद असतो, त्यामुळे पाण्याला कापायचे अंतरही कमीच असते.

सांडवा वर्षानुवर्षे कोरडाच असतो. तेथे शेती, गोठा किंवा मासे अडवण्यासाठी जाळी चालेल का?

यांपैकी काहीही चालणार नाही. सांडव्यावरून पाणी जाण्याची वेळ एखाद्या पिढीत एकदाच येईल, पण त्या वेळी त्याची पूर्ण रुंदी लागते. मातीचा भराव माथ्यावरून वाहणारे पाणी सोसू शकत नाही. पाणी खालच्या उतारावरून उतरताना गवत उपटते, एक लहान पायरी कापते, ती पायरी मागे सरकत सरकत माथ्यापर्यंत येते आणि मग सर्व साठा एकदम मोकळा होतो. सांडवा पुरेसा मोठा आणि मोकळा असणे हा यावरचा एकच उपाय आहे.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील साउथ फोर्क धरण मातीचेच होते. त्याचे विमोचकाचे नळ आधीच्या मालकाच्या काळात काढून टाकले गेले होते, माथा थोडा खाली करण्यात आला होता आणि मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या होत्या. ३१ मे १८८९ च्या अतिवृष्टीत जाळ्यांत कचरा अडकला, पाणी माथ्यावरून गेले आणि खालच्या जॉन्सटाउन परिसरात २,२०९ माणसे मृत्युमुखी पडली. गुजरातमधील मच्छू-२ धरणाचे मातीचे बाजूभराव ११ ऑगस्ट १९७९ रोजी असेच पाणी वरून जाऊन वाहून गेले आणि मोरबी शहर उद्ध्वस्त झाले. तेथे आलेला पूर सांडव्याच्या संकल्पित क्षमतेच्या कितीतरी पलीकडचा होता. सांडव्यात उभारलेली एक झोपडी, टाकलेला मातीचा ढीग किंवा वाढू दिलेली बाभळीची गर्दी हीदेखील सांडव्याची क्षमता कमीच करत असते. अतिक्रमणाच्या प्रश्नांत गावपातळीवर संकोच होतो हे खरे आहे, पण येथे संकोच करू नये.

‘१०० वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हणजे एकदा आला की पुढची १०० वर्षे निश्चिंत?

या शब्दांनी फार गैरसमज झाला आहे. कोणत्याही एका वर्षात तो पूर येण्याची शक्यता १ टक्का आहे, एवढाच त्याचा अर्थ. तो लागोपाठ दोन वर्षेही येऊ शकतो. ३० वर्षांच्या काळात तो किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के, तर ५० वर्षांत सुमारे ३९ टक्के भरते. एखाद्या धरणाची पूरक्षमता २५ वर्षांच्या पुरासाठी ठेवली असेल, तर ३० वर्षांत ती किमान एकदा ओलांडली जाण्याची शक्यता सुमारे ७१ टक्के आहे. म्हणजे सांडवा वाहताना पाहण्याची वेळ बहुतेकांच्या आयुष्यात येणारच. शिवाय ही गणिते जुन्या पावसाच्या नोंदींवर बेतलेली असतात. पाऊस थोड्या तासांत अधिक जोराने पडू लागला, किंवा पाणलोटातील जंगल जाऊन उघडी जमीन व डांबर आले, तर तीच धरणे पूर्वीइतकी पुरी पडत नाहीत.

भरावाच्या पायथ्याशी ओल दिसते. घाबरावे का?

मातीचे प्रत्येक धरण थोडेफार पाझरते. पाणी नितळ आहे का, आणि जलाशयाची पातळी तेवढीच असताना त्याचे प्रमाण वाढते आहे का, हे दोन प्रश्न पाझराबाबत विचारावेत. नितळ, स्थिर आणि नालीतून येणारा पाझर बहुधा नेहमीचा असतो. तो मोजण्यासाठी नालीत इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेची लहान पाटी बसवून उंचीची नोंद जलाशयाच्या पातळीसह वहीत ठेवावी. अशी साधी वही अनेक महागड्या उपकरणांपेक्षा उपयोगी पडते, कारण बदल डोळ्यांना जाणवण्याआधी आकड्यांत दिसतो.

पाणी गढूळ असेल तर ते भरावातील माती बाहेर आणत आहे, आणि ही तातडीची बाब आहे. पायथ्याशी जमिनीतून पाणी उकळल्यासारखे वर येऊन भोवती वाळूचे कडे जमणे, नवीन ठिकाणी ओल येणे, उतारावर अचानक हिरवेगार गवत दिसणे, जलाशयात भोवरा दिसणे किंवा माथ्यावर खड्डा पडणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये.

गळती दिसली की बाहेरून चिखल किंवा सिमेंट लावून तोंड बुजवण्याची इच्छा होते. तसे करू नये. बाहेरचे तोंड बंद केल्यास दाब आत वाढतो आणि पाणी दुसरी वाट फोडते. तज्ज्ञ येईपर्यंत गळतीच्या तोंडावर आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी आणि मग जाड खडी असे थर घालतात. त्यांतून पाणी वाहू शकते, पण माती अडते. उकळीभोवती वाळूच्या पोत्यांचे कडे रचून आत पाण्याची पातळी चढू देतात, म्हणजे दाबातील फरक कमी होतो. हेही भराव सुरक्षितपणे जवळ जाण्याजोगा असेल तरच करावे.

भरावावर झाडे लावली तर माती धरून ठेवतील ना?

ओढ्याच्या काठावर धरून ठेवतात, भरावावर नाही. झाडाची मुळे ओलावा शोधत आत जातात, झाड मेले की मुळे कुजून पोकळ नळ्या उरतात, आणि पाण्याला तयार वाट मिळते. वादळात मोठे झाड उन्मळले तर मुळांबरोबर भरावाचा मोठा तुकडा निघतो. शिवाय झुडपांमुळे भेगा, ओल आणि बिळे दिसतच नाहीत, आणि तपासणीच्या दृष्टीने हा तोटा कदाचित सर्वांत मोठा आहे. रोपटे लहान असतानाच उपटावे. जुने मोठे झाड मात्र स्वतःहून खोदून काढू नये, कारण खड्डा पायरीपायरीने कापून, योग्य मातीने दाबून भरावा लागतो, आणि ते काम जलाशय रिकामा असतानाच करायचे असते.

बिळांचेही असेच आहे. घुशी, साळिंदरे, खेकडे आणि वाळवी यांनी केलेल्या पोकळ्या भरावाची जाडी प्रत्यक्षात कमी करतात. बीळ दिसले की ते कुठवर गेले आहे हे पाहून खोदून, थरांत ठोकून भरावे. तोंडावर दगड लोटून देणे म्हणजे दुरुस्ती नाही. गुरांची रोजची पायवाटही उतारावर घळ पाडते, तेव्हा कुंपण किंवा वेगळी वाट द्यावी.

उन्हाळ्यात भरावाला भेगा पडतात. त्या आपोआप भरतात का?

वरवरच्या, बोटभर खोल भेगा पावसाने मिटतात. माथ्यावरून जलाशयाकडून खालच्या बाजूकडे जाणारी आडवी भेग मात्र सर्वांत धोक्याची, कारण ती पाण्याला थेट आरपार वाट देते. माथ्याच्या लांबीने जाणारी भेग उतार घसरत असल्याची पहिली खूण असू शकते. कोरड्या राहणाऱ्या पूरधरणांत हा प्रश्न अधिक गंभीर असतो. गाभा महिनोन्महिने वाळून भेगाळतो आणि पहिल्याच मोठ्या पुरात पाणी काही तासांत त्या भेगांवर येऊन ठेपते, माती फुगून भेग मिटायला वेळच मिळत नाही. म्हणून भेगेची लांबी, रुंदी आणि खोली मोजून, दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून, ती वाढते का हे पाहावे आणि पावसाळ्यापूर्वी तज्ज्ञांकडून उकरून भरून घ्यावी.

धरण फुटण्याची चिन्हे दिसली तर प्रथम काय करावे?

प्रथम खालच्या लोकांना हलवावे, दुरुस्ती नंतर. अमेरिकेतील आयडाहोमधील टिटन धरण ९३ मीटर उंच होते. ५ जून १९७६ रोजी सकाळी तेथे गढूळ गळती दिसली, भगदाड बुजवायला गेलेले दोन बुलडोझर भरावाने गिळले आणि दुपारी १२ च्या सुमारास धरण गेले. सुमारे पाच तास मिळाले व इशारा वेळेत दिला गेला, म्हणून मृतांची संख्या ११ वर राहिली. लहान धरणात एवढा वेळही मिळेलच असे नाही. कोणी कोणाला फोन करायचा, फोन लागला नाही तर कोणी धावत जायचे, कोणती घरे आधी रिकामी करायची, कोणता रस्ता पाण्याखाली जाईल आणि कोण चालू शकत नाही, हे सारे पावसाळ्यापूर्वी कागदावर लिहून, नकाशासह, प्रत्येक घरी पोहोचवलेले असावे.

विमोचक मोकळा असल्याची खात्री करून पातळी उतरवणे योग्य, पण फार वेगाने उतरवल्यास पाण्याने भिजलेला आतला उतार घसरू शकतो. कोणत्याही परिस्थितीत भराव स्वतः फोडू नये.

एवढ्या लहान धरणाच्या फुटीने असे किती नुकसान होणार?

१० मीटर उंचीचे व अडीच लाख घनमीटर साठ्याचे मातीचे धरण फुटले, तर त्या क्षणीचा प्रवाह सेकंदाला काही शे घनमीटरपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे ज्या पुरापासून संरक्षण द्यायचे होते त्याच्या कितीतरी पट. अमेरिकेतील जॉर्जियामध्ये ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे केली बार्न्स हे सुमारे १२ मीटर उंचीचे मातीचे धरण फुटले आणि ३९ जणांचा बळी गेला. रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले तेव्हाही माणसे घरांसकट वाहून गेली.

तरीही लहान धरणे अनेक ठिकाणी कायद्याच्या कक्षेत पूर्णपणे येत नाहीत. भारताचा २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटरमधील ठरावीक अटींत बसणाऱ्या धरणांना लागू होतो. त्याखालच्या धरणांची नियमित तपासणी मालकाच्या जबाबदारीच्या जाणिवेवर राहते, आणि मालकच कोण हे ठरलेले नसेल तर कोणीच जात नाही. म्हणून गावाने पहिल्यांदा लेखी विचारावी अशी गोष्ट हीच, की या धरणाचा मालक कोण, शेवटची तपासणी केव्हा झाली आणि तिचा अहवाल कोठे पाहायला मिळेल.

धरण झाल्यामुळे ओढ्याकाठची जमीन आता सुरक्षित आहे. तेथे घरे बांधावीत का?

बांधू नयेत. धरणामुळे लहान आणि मध्यम पूर थांबतात, त्यामुळे काठ कोरडा दिसू लागतो आणि वस्ती खाली सरकते. मग सांडवा वाहण्याइतका पूर आला की पूर्वी जेथे फक्त पीक बुडाले असते तेथे माणसे अडकतात. शेतीच्या रक्षणासाठी बांधलेल्या धरणाखाली घरे उभी राहिली, तर तेच धरण धोक्याच्या वरच्या वर्गात जाते, कारण हा वर्ग फुटीने होणाऱ्या हानीवरून ठरतो, धरणाच्या प्रकृतीवरून नाही. मग सांडवा रुंद करणे, माथा उंचवणे असा खर्च येतो, आणि तो क्वचितच वेळेवर होतो.

बुडीत क्षेत्रात, म्हणजे भरावाच्या आतल्या बाजूला, पाणी उतरल्यावर गवत किंवा थोड्या मुदतीचे पीक घेता येते. मात्र त्यासाठी मातीचे बांध घालू नयेत आणि कडबा किंवा लाकडे रचून ठेवू नयेत. पुरात तीच जाळीवर जाऊन विमोचक तुंबवतात.

गाळ साचत चालला आहे. असे धरण किती वर्षे टिकते, आणि मग काय?

संकल्पन करतानाच गाळासाठी काही जागा राखलेली असते, बहुधा ५० वर्षांच्या अंदाजाने. पाणलोटात धूप थांबवली तर ती अधिक काळ पुरते, उघड्या टेकड्या असतील तर लवकर भरते. अमेरिकेत १९४८ मध्ये ओक्लाहोमातील कॉर्डेल गावाजवळ या प्रकारचे पहिले लहान पूरधरण झाले, आणि पुढे विशेषतः १९५४ च्या पाणलोट संरक्षण कायद्यानंतर अशी ११,००० हून अधिक धरणे उभी राहिली. त्यांतील बहुसंख्य आज संकल्पित आयुष्य ओलांडून गेली आहेत. तेथे सन २००० मध्ये त्यांच्या दुरुस्ती व नूतनीकरणासाठी स्वतंत्र कायदेशीर तरतूद करावी लागली.

वय झालेल्या धरणाबाबत मार्ग तीनच आहेत. एक, गाळ काढून पूरक्षमता परत मिळवणे. गाळ सुपीक असल्याने शेतकरी तो नेतात, पण उकरताना भरावाच्या पायथ्यापासून पुरेसे अंतर सोडले पाहिजे आणि तळातील अपार्य, पाणी रोखणारा मातीचा थर फोडता कामा नये. दोन, भराव, सांडवा आणि नळ नव्या मापाने दुरुस्त करणे. जुन्या लोखंडी नळाला गंज लागला असेल तर आतून नवीन नळ घालून मधली पोकळी सिमेंटच्या घोलाने भरतात. तीन, धरण रीतसर मोडीत काढणे. यात भरावाला तळापर्यंत रुंद खाच पाडून ओढ्याला जुनी वाट मोकळी करून देतात, खाचेच्या बाजू पसरट उताराने कापतात, आणि साचलेला गाळ एकदम खाली जाऊ नये म्हणून आधी तो स्थिर करतात. या तिन्हींपैकी काहीच न करता धरण तसेच सोडून देणे हा चौथा मार्ग प्रत्यक्षात सर्वाधिक ठिकाणी निवडला जातो, आणि ज्या ओढ्याखाली माणसे राहतात तेथे तो कधीही स्वीकारू नये.